उजवा प्रसाद आणि अडलेले पंप

माझी नोकरी नेमकी कसली, हे डिचोलीतल्या माझ्या सासरच्या माणसांना शेवटपर्यंत कळलं नाही. यजमान शाळामास्तर, दीर बसवर कंडक्टर, जाऊ पंचायतीत. त्यांची कामं एका शब्दात सांगता यायची. माझ्याबद्दल कुणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "ती पंपांच्या कारखान्यात 'नाय' म्हणता. तेचोच तिका पगार मेळता." थट्टाच होती ती, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही.

आमचा कारखाना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत. मालक रामनाथबाब, मूळचे पेडण्यातल्या इब्रामपूरचे. मी माहेरची चोपड्याची, म्हणजे त्यांच्याच तालुक्यातली, म्हणून ते मला कामावर असतानाही 'मॅडम' न म्हणता 'बाय' म्हणत. कामाचं बोलताना ते नीट मराठीत बोलत आणि चिडले की गावच्या बोलीत शिरत. त्यामुळे त्यांचा पारा किती चढलाय हे मला जनेलाबाहेरूनही, म्हणजे खिडकीपलीकडूनही, ओळखता यायचं.

खाणी चालू होत्या तेव्हा आम्हाला परदेशाशी काही देणंघेणं नव्हतं. खाणीच्या खड्ड्यात पाणी भरायचं, ते उपसायला आमचे पंप लागायचे. खाणी बंद पडल्या आणि खड्डे भरून तसेच राहिले. उपसणार कोण आणि कुणासाठी? गिऱ्हाईक डोळ्यांसमोर नाहीसं झालं. तेव्हा रामनाथबाबांनी खाऱ्या पाण्यात गंजणार नाहीत असे पंप करायला घेतले आणि परदेशात गिऱ्हाइकं शोधली. इंग्रजी पत्रं मीच लिहायची, म्हणून माल बाहेर पाठवायचे कागदही माझ्याच मेजावर आले. त्यातूनच हे 'नाय' म्हणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

हे काम समजायला फार शिकायला नको. गावात एखाद्या घराला वाळीत टाकतात, ते आठवा. त्या घराशी कुणी बोलायचं नाही, लग्नाकार्याला जायचं नाही, दुकानदाराने मीठ द्यायचं नाही. आणि जो चोरून मीठ देईल, तोही वाळीत. जगातले मोठे देश दुसऱ्या देशांना, कंपन्यांना, जहाजांना, अगदी एकेकट्या माणसांनाही असंच वाळीत टाकतात. त्याला निर्बंध म्हणतात. कुणाला टाकलं त्यांच्या याद्या निघतात. गावातलं वाळीत टाकणं पिढ्यानपिढ्या चालतं, या याद्या मात्र सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी. आज ज्याच्याबरोबर चहा प्यालात, तो उद्या यादीत असतो. चांगली गोष्ट एवढीच की नावं यादीतून बाहेरही पडतात.

माझं काम असं की, आपण मीठ कुणाला देतोय ते बघायचं. नुसतं गिऱ्हाइकाचं नाव बघून भागत नाही. त्याच्या कंपनीचे खरे मालक कोण, त्याची बँक कुठली, मधला दलाल कोण, माल शेवटी वापरणार कोण, जहाज कुठलं, हे सगळं बघावं लागतं. जहाजं तर लबाड. रंग बदलतात, नाव बदलतात. पण जहाजाचा एक जन्माचा नंबर असतो, तो बदलत नाही, तोच विचारायचा. शिवाय आपल्याच सरकारची एक वेगळी यादी असते. काही पंप, काही झडपा अशा असतात की शेतालाही चालतात आणि नको त्या कारखान्यालाही. त्या परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायच्या नाहीत. हे पहिल्यांदा मी रामनाथबाबांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मुलगी द्यायच्या आधी करतो तशी चौकशी." मी म्हटलं, अगदी तशी.

पण तिथंच आमची गाडी अडायची. आमच्याकडे चौकशी करतात ती सोयरीक जुळेपर्यंत. एकदा लग्न झालं की व्याह्याला पुन्हा 'तुमचं घर कसं काय, कर्ज आहे का, कुणाशी भांडण आहे का' असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान. आणि माझं काम तर हेच होतं: चौकशीच्या वेळी विचारायचं, ऑर्डरच्या वेळी विचारायचं आणि गाडी भरायच्या आधी पुन्हा विचारायचं. रामनाथबाबांना ते जीवावर यायचं. "घरात येऊन जेवून गेलेल्या माणसाला तू कोण म्हणून विचारू? लाज वाटते गो!"

लाज मलाही वाटली आहे. मोम्बासाला आमचे एक गिऱ्हाईक होते, हसनभाई. मासे गोठवण्याचा कारखाना, तीन पिढ्यांचा धंदा, पत्राची सुरुवात नेहमी माझ्या तब्येतीच्या चौकशीने. एकदा बँकेने त्यांचे पैसेच अडकवून ठेवले, कारण त्यांच्या नावाचा एक माणूस यादीत निघाला. आता नावाचं काय सांगायचं! पेडण्यात एका वाड्यावर 'विठ्ठल' म्हणून हाक मारा, चार दारांतून चार माणसं ओ देतील. पण बँकेला हे पटवायला कागद लागतात. मी हसनभाईंना भीत भीत विचारलं: वडिलांचं नाव, जन्मगाव, पासपोर्ट. वाटलं, म्हातारा आता रागावणार. त्यांनी सगळं पाठवलं आणि वर फोन करून म्हणाले, "बेटी, आपने पूछा तो सही. दूसरों ने तो बिना पूछे दरवाज़ा बंद कर दिया." त्या दिवशी मला समजलं की नीट विचारलं तर माणसं दुखावत नाहीत. संशयाच्या सुरात विचारलं तरच दुखावतात.

आता खरी गोष्ट सांगते.

दुबईत आपल्याच देशाचे एक व्यापारी होते, खन्नासाहेब. त्यांनी आमच्याकडून दोनदा पंप नेले, पैसे वेळेवर. तिसऱ्या खेपेस एवढी मोठी ऑर्डर दिली की रामनाथबाबांनी बंद ठेवलेली लेथ मशीनं पुन्हा चालू केली. आमचा फोरमन विठू गवस, दोडामार्गकडचा. आधी खाणीत होता, खाण बंद झाल्यावर घरी बसला, मग आमच्याकडे आला. एकदा घरी बसलेल्या माणसाला पुन्हा घरी बसायची केवढी धास्ती असते, ते मी त्याच्याकडे बघून शिकले. ही ऑर्डर आली तेव्हा त्याने गावाकडून आणखी माणसं आणली, त्यांच्या राहण्याची सोय केली, स्वतःच्या मुलीचं नाव डिचोलीच्या शाळेत घातलं. सगळ्यांचं पुढचं वर्ष त्या पंपांवर उभं होतं. रामनाथबाबांनी मला एकांतात सांगितलं होतं, "बाय, हा माल गेला तर कारखाना राहिला. नाहीतर कुलूप."

पंप तयार झाले, रंग लागला, पेट्या आल्या. मी शिरस्त्याप्रमाणे खन्नासाहेबांकडे कंपनीचे ताजे कागद मागितले. ते फोनवर उखडले. "इतने साल का रिश्ता है, मॅडम, अभी भी शक?" मी गोड बोलून मागतच राहिले. शेवटी कागद आले. त्यांच्या कंपनीत नवा भागीदार आला होता आणि निम्म्याहून जास्त हिस्सा त्याचा होता. आणि तो माणूस यादीत होता. नाव, जन्मगाव, सगळं तेच. हसनभाईंसारखा नावाचा घोटाळा नव्हे. खन्नासाहेबांचं नाव कुठंच नव्हतं. पण घराचा कर्ता वाळीत असला की घरही वाळीत. निम्म्या किंवा जास्त हिश्शाचा मालक यादीत असेल तर कंपनीही यादीतच धरायची, असा नियम असतो.

मी रामनाथबाबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "माल थांबवायला लागेल."

त्यांनी आधी मला कदेलीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "आपल्या सरकारने बंदी घातली आहे?"

"नाही. ही यादी परदेशातली आहे."

"मगे आमी तेंका कित्याक भियेवचा?" बोली सुरू झाली. म्हणजे पारा चढला.

त्यांचा प्रश्न अडाणी नव्हता. पुष्कळ शिकलेले लोकही हाच विचारतात. मी म्हटलं, "कायदा मोडतोय असं मी म्हणत नाही. पण आपले पैसे डॉलरमध्ये येतात. डॉलर अमेरिकेच्या बँकेतून फिरून येतो, तो तिथं अडकेल. मग आपली बँक आपल्याला विचारेल. विमावाला हात वर करेल. जर्मनीचं गिऱ्हाईक आपल्याकडून पुन्हा खिळा घेणार नाही. एकाला मीठ दिलं म्हणून सगळ्या गावाचं मीठ आपल्याला बंद होईल." तेवढ्यात खन्नासाहेबांचाच फोन आला. त्यांनी तोडगा सुचवला: डॉलर नकोत, दुसऱ्या एका कंपनीच्या नावाने बिल करा, पंपांवरची तुमच्या नावाची पट्टी तेवढी काढा, बाकी मी बघतो. रामनाथबाबांचा चेहरा खुलला. मला मात्र ती पट्टीच खटकली. सरळ माणूस दुसऱ्याचं नाव काढायला कशाला सांगेल?

"आता देवालाच विचारूया," रामनाथबाब म्हणाले.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे घर बांधणं, लग्न ठरवणं, नोकरी सोडणं, अशा कामाआधी देवळात प्रसाद लावतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. आधी उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार. मीही यातलीच. माझं लग्नही उजव्या प्रसादावरच ठरलं आहे, आणि मास्तरांबद्दल माझी तक्रार नाही.

सोमवारी आम्ही इब्रामपूरला गेलो. रामनाथबाबांनी मला मुद्दाम नेलं, म्हणजे मला नंतर बोलायला जागा उरायला नको. भटजींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, रामनाथाचो माल सुखरूप पोचूंदे, पैसो हातीक लागूंदे. तसा घडतला आसात तर उजवो प्रसाद दी!" बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणाले. मीही म्हणाले. थोड्या वेळाने उजवी पाकळी अलगद खाली आली.

रामनाथबाबांनी हात जोडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू राजीनामाच मागितला. मंडपातून बाहेर आल्यावर म्हणाले, "आता बोल. देवान उजवो दिलो. आता तू कोण आडवतलय?"

मालक, देव आणि गाव, तिघांच्या समोर उभी होते मी. तरी तोंडातून आलंच. "रामनाथबाब, देव खोटं बोललेला नाही. माल पोचेल. पैसेही येतील. तुम्ही तेवढंच विचारलंत, त्याने तेवढंच सांगितलं. पुढं बँक काय करील ते तुम्ही विचारलंच नाहीत."

रामनाथबाबांनी देवळाकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "तर मग परत आत जाऊ. तू सांग, काय गाऱ्हाणं घालायचं ते."

आत जावंसं मला फार वाटलं, खरं सांगते. डावी पाकळी पडली असती तर माझी मान सुटली असती. पण उजवी पडली तर? आणि पुढच्या खेपेस काय, दर गाडीमागे इब्रामपूर गाठायचं? मी म्हटलं, "नको. याद्या वाचायचं काम देवाचं नव्हे, माझं आहे. पगार मला मिळतो. तुम्ही फक्त एक करा. खन्नासाहेबांना मी सांगते तो एक प्रश्न विचारा. ऐकून तुम्हीच ठरवा. तुमच्यापेक्षा जुना धंदेवाला मी कुठून आणू?"

आम्ही डिचोलीला परतलो. ऑफिसात आल्यावर त्यांनी माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला आणि विचारलं, पंप कुठल्या जागी बसणार, ते आमच्या बँकेला लिहून द्याल का? मग खन्नासाहेब म्हणाले, "रामनाथजी, बँक को क्यों बीच में लाते हो? ऐसा करो, भाव पंद्रह टक्का बढ़ा दो."

रामनाथबाबांनी फोन ठेवला. "बाय," ते म्हणाले, "एवढी वर्षं धंदा केला. न मागता भाव वाढवून देणारं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. माल जायचा नाही."

शाबास म्हणावंसं वाटलं, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. करारात मी आधीच एक कलम घातलं होतं: नियम बदलले किंवा गिऱ्हाइकाच्या बाजूचं कुणी यादीत निघालं तर माल थांबवायचा हक्क आमचा. खन्नासाहेबांनी न वाचताच सही केली होती. म्हणून कोर्टकचेरी टळली. घेतलेली आगाऊ रक्कमसुद्धा आम्ही बँकेला विचारून, ती सांगेल त्या वाटेनेच परत केली. यादीतल्या माणसाला त्याचेच पैसे परत करतानाही विचारावं लागतं, हे त्या वेळी मी नव्याने शिकले.

हे सगळं ठीक. पण विठूला कोण सांगणार? मीच गेले. तो पेट्यांना खिळे मारत होता. मी सांगितलं तसा हातोडा खाली ठेवून म्हणाला, "वयनी, ह्या काय आता? परत घराक बसूचा काय आमी?" मी म्हटलं, दुसरं गिऱ्हाईक शोधतेय. तो म्हणाला, "शोधा. पोरांका तवसर काय, याद्ये वाचून दाखवू?" त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. चहाच्या वेळी सगळ्यांना उंडे पाव आणि पातळ भाजी वाढायचा, माझी बशी मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा. मी ऑफिसात बसून रडले आहे. उगाच धीराची बाई असल्याचा आव आणणार नाही.

मग मी शोधायला बसले. एकेका जुन्या गिऱ्हाइकाला लिहिलं, खरं ते लिहिलं: पंप तयार आहेत, ज्याच्यासाठी केले त्याला नियमामुळे देता येत नाहीत, तुम्हाला हवेत का, कुठं बसवणार ते आधी सांगा. रामनाथबाब म्हणाले, एवढं खरं लिहू नको, लोक भाव पाडतील. काहींनी पाडलाच. कारखान्यात आठवड्यातले निम्मे दिवस काम चालू लागलं. विठूने आणलेली माणसं एकेक करून गावाकडे परतली. आणि मग मोम्बासाहून हसनभाईंचं उत्तर आलं. त्यांच्या किनाऱ्यावर मासेवाल्यांची एक संस्था नवा कारखाना घालत होती, तिला खाऱ्या पाण्याचे पंप हवेच होते. हसनभाईंनी लिहिलं होतं की तुम्ही विचारणार ते सगळे कागद सोबत जोडले आहेत, जागेचे फोटोसुद्धा. मी न मागता!

भाव खन्नासाहेबांइतका नव्हता. पण कुलूप लावायची वेळ आली नाही. पुढं कानावर आलं की दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कारखान्याने खन्नासाहेबांना माल दिला, आणि त्या कारखान्याचं बँकेचं सगळं काम कित्येक महिने अडकून पडलं. रामनाथबाब म्हणाले, "बाय, तू जिंकलीस." मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. त्या कारखान्यातही कुणी विठू असणारच, आणि त्याला ना यादी ठाऊक, ना खन्नासाहेब. त्यांच्याकडे वेळेवर 'नाय' म्हणणारं कुणी नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मोम्बासाचे पंप निघायचा दिवस आला. गाडी मुरगाव बंदराला वेळेत पोचायची होती आणि आधीच उशीर झाला होता. गाडीला झेंडूची माळ घातली होती, उदबत्ती लावली होती. विठूच्या हातात नारळ. गावाकडे गेलेली त्याची माणसं परतली होती, तीही उभी होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रामनाथबाब घड्याळ बघत म्हणाले, "विठू, फोड रे नारळ! जहाज कोणासाठी थांबायचं नाही."

विठू हलला नाही.

"अरे, फोड!"

"वयनीन अजून सांगूक नाय," विठू म्हणाला. मग कितीतरी महिन्यांनी त्याने माझ्याकडे थेट बघितलं. "वयनी, आजची नावा बघलात? जहाजाचो नंबर? बघा आधी. मगे फोडतंय."

मी आत धावले. नावं पाहिली, जहाज पाहिलं, संस्था पाहिली, बँक पाहिली. बाहेर कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. सगळा कारखाना दारात उभा राहून माझी वाट बघत होता. मी जनेलातून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "व्हय! फोड!"